दुसऱ्या लग्नाची अट

मोठा भाऊ गेल्यानंतर चौथ्या महिन्यात चुलते माधवनगरला आमच्या घरी आले. विषय एकच होता. भावाचे चार यंत्रमाग वहिनी चालवत होती. शेड आमच्या दिवंगत वडिलांच्या नावावर, म्हणजे त्यात माझाही हिस्सा. मी ना हरकत लिहून दिली नाही तर वीजजोड तिच्या नावावर होणार नव्हता आणि माग थांबणार होते.

मी सांगलीत एका दैनिकात काम करतो. त्याच आठवड्यात मध्ययुगीन युरोपातल्या स्त्रियांवरचा लेख पुरवणीसाठी माझ्याकडे आला होता. तिथल्या काही शहरांत विणकर वारला की त्याची विधवा माग पुढे चालवू शके. तिने धंद्याबाहेरच्या माणसाशी लग्न केलं की हा हक्क जाई. मी लेखाचं शुद्धलेखन तपासलं आणि पुढे पाठवला.

मागासाठी सुताचे बिम भरण्यापासून कापड पोचवण्यापर्यंत सगळं वहिनीच बघते, हे चुलत्यांनी मान्य केलं. मग मला म्हणाले, "माग तिनं चालवावं, न्हाई कोण म्हणतंय? पण दुसरं लगीन केलं तर सोडावं, येवढी एक ओळ घाल. लिखापढीत तुझा हात बसलाय."

मी ती ओळ घातली. तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही.

वहिनी शेडमधून आली. हात पुसून तिने उभ्यानेच कागद वाचला.

"भाऊजी, मी गेले असते आणि हे राहिले असते, तर ही ओळ त्यांना घातली असती?"

चुलते म्हणाले, रीतच आहे तशी. वहिनी म्हणाली, लग्न करायचा आपला विचार नाही, पण तसं लिहूनही देणार नाही. ओळ ठेवायची असेल तर आत्ता जाऊन माग बंद करते. ती दाराकडे वळलीसुद्धा. शेडमधला खडखडाट घरात ऐकू येत होता.

लेखातलं वाक्य मला तेव्हा आठवलं. माझी ओळ त्याहून वेगळी नव्हती.

मी तिला थांबवलं. दुसरा कागद घेऊन अट सोडून बाकी मजकूर उतरवला, सही केली. चुलते चहा न घेता उठले. भावकीला तोंड तूच दे, एवढं म्हणून गेले.

वहिनीने नवा कागदही पहिल्या शब्दापासून वाचला. "तारीख राहिली," ती म्हणाली आणि कागद माझ्यासमोर ठेवला.