मोठ्यानं वाच

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताची कादंबरी घरात आणली ती निव्वळ नाइलाजानं.

काचबिंदूनं सासऱ्यांची नजर गेली आणि मुरगूडचं शेत सोडून ते आमच्याकडे कोल्हापूरला राहायला आले. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. उन्हाळ्यात शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी एकपासून नवरा कामावरून येईपर्यंत घरात मी आणि मामा, दोघंच. पेपर वाचून दाखवायचे, तो दहा मिनिटांत संपायचा, कारण मी गाळून वाचायचे. अपघात, बुडालेले, गेलेले, सगळं वजा. म्हाताऱ्या माणसाच्या कानावर वाईट काही घालायचं नाही ही आमच्या घरची रीतच होती. गारगोटीच्या आत्यांचं ऑपरेशनसुद्धा त्या बऱ्या होऊन घरी आल्यावरच आम्ही मामांना सांगितलं होतं.

म्हणून कॉलनीतल्या लायब्ररीतून एक जाडजूड कादंबरी आणली. एका गावाच्या विहिरीतून हाक येते आणि ती एकाच माणसाला बोलावते. गाव त्याच्या हातापाया पडतं, तू जा, हे मिटव. तो काही केल्या जात नाही, रोज नवी सबब सांगतो. साठेक पानांनंतर कळतं की त्या विहिरीत त्याचा धाकटा भाऊ बुडाला होता आणि पट्टीचा पोहणारा असून हा काठावर नुसता उभा राहिला होता. बरं, माणूस वाईटही नाही. कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. त्यामुळे मला त्याची जास्तच चीड यायची.

त्या पानावर मी थबकले. मामांचा धाकटा भाऊही विहिरीत पडून गेला होता. मोटर सुरू करायला गेला, पाय घसरला, आसपास कुणी नव्हतं, एवढीच हकिकत मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते.

"मामा, दुसरं पुस्तक आणू का?"

"कशाला? वाच की." मग म्हणाले, "मोठ्यानं वाच. त्येला ऐकू येत न्हाय."

"कुणाला?"

त्यांनी हातानंच 'वाच' अशी खूण केली. मला वाटलं, स्वतःचे कान गेलेत हे कबूल करायची लाज वाटत असेल. पण मामांचे कान तिखट. खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या ते मोजायचे. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे हात करून म्हणाले, "ती जरा फिरीव. त्येचा डावा कान तुझ्याकडं येऊ दे." खुर्ची रिकामी होती. मी फिरवली. त्यांच्याशी हुज्जत कोण घालणार?

संध्याकाळी नवऱ्याला चहा देताना सहज विचारलं, काका कसे होते रे? तो म्हणाला, "काका? उजव्या कानानं ठार बहिरे. लहानपणी कान फुटला होता म्हणे." अंगावर काटा आला असं म्हणायला मला आवडत नाही, पण आला.

त्यानंतर वाचन म्हणजे शिक्षा झाली. मी खुर्चीकडे न बघता वाचायचे आणि तरी आवाज तिकडेच जायचा. मामांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. पुस्तक मिटलं की रोज एकच प्रश्न, "सोडतोय का गं त्यो त्येला?" मी म्हणायचे, बघू या. शेवटी न राहवून शाळेत मधल्या सुट्टीत मी शेवटचं प्रकरण वाचून काढलं. भाऊ सोडत नव्हता. धरतही नव्हता. नायक अखेर पायऱ्या उतरून पाण्यापाशी जातो, आणि पाण्यातून एवढंच विचारलं जातं, "मी हाक मारली तेव्हा तू वर होतास?" तिथं कादंबरी संपते.

हे त्या माणसाला कसं वाचून दाखवायचं? आता त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. मला त्यांची भीती वाटत होती आणि दयाही येत होती. मी मनानंच शेवट रचला. भाऊ म्हणतो, जा दादा, माझा तुझ्यावर राग नाही. खरं वाटावं म्हणून पानंही उलटली. दुपारचे साडेतीन वाजले होते, खाली भाजीवाला ओरडत होता. मामांचं तोंड खुर्चीकडे होतं.

"शेवट बदललास, पोरी," ते म्हणाले.

"नाही मामा."

"मला चाललं असतं गं. पर त्यो मान हलवतोय. त्येला म्हाईत हाय शेवट."

मला राग आला तो स्वतःचाच. आयुष्यभर या माणसाला सगळ्यांनी गाळूनच सांगितलं होतं आणि त्यानंही सगळ्यांना गाळूनच सांगितलं होतं. मी पान उघडलं आणि जसं होतं तसं वाचलं, मोठ्यानं, शेवटच्या प्रश्नापर्यंत.

"फुडं?"

"पुढं काही नाही. इथंच संपते."

मामा खुर्चीकडे वाकून, डाव्या कानाशी बोलावं तसं, म्हणाले, "व्हय. हुतो मी. वरच हुतो. सकाळी भांडलो हुतो पाण्याच्या पाळीवरनं, म्हटलं जरा घाबरू दे. मग हाक यायची थांबली."

मी पुस्तक घट्ट धरून बसले होते. खुर्चीकडे मी बघितलं नाही. आजही कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की बघितलं नाही.

त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली. दुसऱ्या दुपारी मी एक प्रवासवर्णन घेऊन बसले आणि सवयीनं आवाज चढवून सुरुवात केली. मामांनी हात वर करून थांबवलं.

"हळू वाच, पोरी," ते म्हणाले. "आता आपुन दोघंच हाय."