एकास पन्नासची क्रेन

आमचे हे गोदीत क्रेन चालवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं एकतर देवाच्या मागे लागतात, नाहीतर बायकोच्या. यांनी आपल्या क्रेनची प्रतिकृती करायचं मनावर घेतलं आणि सुट्या भागांचे संच विकणाऱ्या दुकानात खेटे घालायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी दुकानदाराला विचारलं, "ही किती टन उचलते?" तो म्हणाला, "काका, पुठ्ठ्याची आहे हो." घरी येऊन मला सांगितलं, "त्याला काही माहिती नाही."

मग खऱ्या क्रेनच्या कितव्या हिश्शाएवढी करायची, या प्रमाणाचं त्रांगडं. एकास दोनशे घेतली तर क्रेन वीतभर, पण तिचा बोजा अडकवायचा आकडा तिळाएवढा. एकास शंभर बरी, तर केबिनची शिडी फारच नाजूक. एकास पन्नास घेतली तर ठेवायची कुठे? प्रमाण झालं की सामान. पितळ जोडायला कथलाचा डाग द्यावा लागतो, म्हणून ते नको. प्लॅस्टिक दिसायलाच खोटं. पुठ्ठा दमट हवेत वाकतो. वर्ष सरलं तरी घोडं पुढे सरकेना. मी वैतागून म्हणायचे, "अहो, जावई निवडताना एवढं पारखलं नाहीत तुम्ही!"

खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहा अर्धा कपच मागायचे आणि मी विषय काढला की उठून जायचे. निवड संपली की काम सुरू करावं लागणार, आणि काम सुरू झालं की हात दिसणार. त्या हाताचा मला त्रास नव्हता. त्यांच्या न बोलण्याने मात्र मी पार थकून गेले होते.

शेवटी मीच जाऊन एकास पन्नासची आणली, जाड पुठ्ठ्याची. निदान भाग धरता तरी येतील.

"ठेवायची कुठे?"

"माझ्या डोक्यावर. बसा आता."

पाय उभे राहिले, केबिन बसली. कठडा वाकडा चिकटला, सगळीकडे गोंद माखला, पण क्रेन ओळखू येत होती. मग दोर ओवायची वेळ आली. लांब दांड्याच्या टोकाला बारीक कप्पी, तिच्या भोकातून काळा दोरा न्यायचा. सुई भोकाजवळ गेली की हात उडायचा. एकदा तर दांडाच निखळून खाली पडला. यांनी सुई बाजूला ठेवली.

"आणा इकडे," मी म्हणाले. दांडा परत बसवला, सुई घेतली. हात माझा स्थिर, पण चष्मा लावूनही भोक दिसेल तर शपथ.

"चाचपडू नकोस," हे म्हणाले. "बोजा कुठे टेकतोय ते क्रेनवाल्याला वरून दिसत नाही. खालचा इशारेवाला सांगेल तसा हात हलवायचा. आपलं डोकं चालवायचं नाही."

"मग सांगा."

ते वाकून बघायला लागले. "डावीकडे. फार झालं. जरा उजवीकडे. वर... थांब. आता पुढे."

दोरा पलीकडे निघाला. मी तो ओढून घेतला.

"माझा हात गेला गं," ते म्हणाले.

"माहीत आहे मला. दुसरी कप्पी कुठे आहे, ते सांगा."