मागे कोणी बसलं की टक्

“दादा, एकला ऱ्हायनू ते गप चालस. कोनी मांगे बसनं का टक् करस,” सायकल दुकानासमोर उभी करत हिरामणभाऊ म्हणाले.

हिरामणभाऊ धुळ्याकडचे, पॉवरलूमवर काम करणारे. नव्वदच्या दशकात सुरतच्या नवागामात माझं सायकल रिपेरिंगचं दुकान होतं. निम्मी गिऱ्हाइकं आमच्या खानदेशातलीच.

“मग कोणाला बसवू नका,” मी म्हणालो.

“मनी पोरले आखाजीले लेवाले जानं शे.”

माझी थट्टा तिथेच संपली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. भाऊंच्या पोरीच्या सासरी एसटी जात नव्हती. मागच्या आखाजीला तिला आणायला कोणी पोचलं नाही, पोर वाट बघत राहिली. यंदा ते सायकल रेल्वेच्या लगेजमध्ये टाकून नेणार होते. माझी बहीणही दर वर्षी निरोप धाडायची. दुकान सोडवत नसे, आणि गावाच्या आठवणीने जीव तुटायचा.

स्टँडवर पायडल फिरवलं, काही कळेना. चहूकडे माग खडखडत होते. तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, सायकलचं काय येणार? म्हणून आवाजाच्या केसेस मी वीज-सुट्टीला ठेवायचो. आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची लाइट बंद असे, तेव्हा गल्ली गप्प व्हायची.

त्या दिवशी भाऊ पुढे, मी कॅरिअरवर, कान खाली करून. “नवरीले पाडू नका रे!” ओट्यावरून कोणी ओरडलं.

टक्. टक्.

“पायडल थांबवा,” मी म्हणालो. सायकल नुसती पळाली, आवाज बंद. म्हणजे चाकात दोष नाही. पुन्हा मारायला लावलं. दर फेऱ्याला एकदाच, उजवा पाय दाबताना. चेनची कडी अडकत असती तर आवाज दर फेऱ्याला त्याच जागी आला नसता. उरला उजवा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा. तो आतल्या आसाला एका लोखंडी पाचरीने जखडलेला असतो. तिला कॉटर म्हणतात.

कॉटर ठोकून काढला. त्याला नायलॉनचा धागा गुंडाळलेला!

“हे कोणी केलं?”

“मीच. ढिला व्हयेल व्हता.”

“भाऊ, हा काय मागावरचा ताणा आहे? तुटला की मारली गाठ?”

ते लाजून हसले. एकट्याच्या वजनाला धागा पुरत होता. दोघांचा जोर आला की कॉटर आत हलायचा. मी नवा कॉटर कानशीने घासून बसवला, नट आवळला आणि पुन्हा मागे बसलो. आवाज नाही. उतरावंसं वाटेना. असंच कोणी थेट गावापर्यंत नेलं तर, असं मनात आलं.

सणानंतर भाऊ आले.

“आवाज?”

“नही.”

“पोर?”

“उनी ना! झोका खेयनी, गाना म्हन्यात.” मग सायकलच्या सीटवर हात ठेवून म्हणाले, “सासरी सोडाले गऊ, तैं वाटमा म्हने, ‘आबा, आते हाई सायकल मोडी जाती ते बरं व्हतं.’”

मी खाली बसून कॉटर तपासला. जराही हललेला नव्हता. कामात कुचराई करू नये, हे मी आजही सांगतो. फक्त त्या एका कॉटरबद्दल वाटतं, इतका पक्का ठोकायला नको होता.