वालात गेला तो बाद

पुण्याहून निघताना बायकोनं विचारलं, "क्रिकेट बघायला लोक मुंबईला जातात. तुम्ही कडावला निघालात?" मी म्हटलं, "तुझाच भाऊ बोलावतो आहे." मग मात्र तिनं डब्यात दोन लाडू जास्त घातले.

तो भाऊ, म्हणजे माझा मेहुणा वसंता, कर्जत स्टेशनात कारकून आणि कर्जतच्या संघाचा कप्तान. महायुद्धापायी पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून संघ बैलगाड्यांतून निघाला. पौषातली कोवळी उन्हं होती. वाटेत एका ओढ्यात आमची गाडी रुतली. सगळ्यांना उतरावं लागलं आणि माझे नवे पांढरे बूट चिखलानं काळे झाले.

मैदान पाहून मला हसूच आलं. चहूकडे शेंगांवर आलेला वाल, आणि मधोमध एकच शेत रिकामं. भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर इथं घरोघर वाल पेरतात. रिकाम्या शेताच्या मध्यावर खळं होतं (मळणीसाठी चोपून, शेणानं सारवलेली जागा). तीच खेळपट्टी. ती पाहायला पुढे झालो, तोच बांधावरून आवाज आला,

"पाव्हणं, पायताण काढा. खळं हाय त्ये!"

ही सखूआत्या, शेताची मालकीण. हातात काठी घेऊन ती वालाची राखण करत बसली होती. तिचा भाचा नामा कडावचा कप्तान. आमच्या अकराही गड्यांनी आपले बूट बांधाखाली ओळीनं मांडले. मीही माझे ठेवले.

"आमच्यापायी आत्यानं ह्या साली हितं वाल पेरला नाय," नामा मला सांगू लागला. "पण आज हरलो, तर पुढल्या साली पेरनार. मग आमी खेळायचं कुठं? गावात सपाट शेत हे येकच."

"पेरनारच!" आत्या बांधावरून गरजली. "चेंडूची काय आमटी व्हती?"

दोन्ही संघांनी पंच म्हणून मला उभं केलं. वसंताचा पाहुणा म्हणून कडाववाले कुरकुरतील असं वाटलं होतं. पण नामा म्हणाला, "पुन्याचा मानूस घरच्यांचं बी ऐकत नाय." मला बायको आठवली. बोलण्यात तथ्य होतं.

इथला एक नियम मी कुठल्याच जिमखान्यावर ऐकला नव्हता. चेंडू बांधावर आपटला तर चार धावा. थेट वालात पडला तर मारणारा बाद! पीक तुडवलं जातं म्हणून. वसंतानं असा टोला हाणला की पुण्यात टोप्या उडाल्या असत्या. चेंडू वालात, वसंता बाद! तो खळ्यावर अनवाणी पाय आपटत राहिला. मी मनसोक्त हसलो.

दुपार कलली. कडावला तीन धावा हव्या होत्या, शेवटची जोडी खेळत होती. नामानं डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू थेट उन्हात गेला. मला काही म्हणता काही दिसलं नाही. पाहतो तर आत्या बांधावर उभी, चेंडू तिच्या हातात.

"आत्याबाई, कुठं पडला?" मी विचारलं.

नामानं मान खाली घातली. आत्याला वाल हवा होता, हे कोण जाणत नव्हतं? ती क्षणभर भाच्याकडे बघत राहिली.

"बांधावर पडला," ती म्हणाली. "मंग घरंगळला."

मी चौकार दिला. कर्जतच्या एकानंही तक्रार केली नाही. स्वतःचं नुकसान होईल असं खोटं कोण बोलतं?

मग पोपटीची तयारी सुरू झाली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला (उग्र वासाचं रानझुडूप), वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. मग मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. मी बूट आणायला बांधाकडे गेलो. आत्या वालात वाकली होती. बांधापासून चांगलं हातभर आत एक रोप मधोमध मोडलेलं, आणि ती त्याच्या शेंगा तोडून पदरात भरत होती.

"हे कशानं मोडलं?" मी विचारलं.

"शेळीनं."

दिवसभरात मला एकही शेळी दिसली नव्हती. आत्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"नामा लई रडवा हाय वो, ल्हानपनापासनं," ती हळूच म्हणाली, आणि पदरातल्या शेंगा मडक्यात टाकायला निघून गेली.

इतक्या गोड शेंगा मी आजवर खाल्ल्या नाहीत. वसंता तर मडक्याजवळून हलेना.

परतताना गाडीत तो म्हणाला, "हरलो त्याचं काही नाही, भावोजी. म्हातारी मात्र खरी. वालावर पाणी सोडलं, पण खोटं बोलली नाही."

"हो ना," मी म्हटलं. फार बरं वाटत होतं. पुरावा होता तेवढा मडक्यात गेला होता, आणि त्यातला निम्मा याच गृहस्थानं खाल्ला होता.