वाकलं ते डोंगराचं

बंदीतात्यांनी मला दंडाला धरून जाळरेषेत ढकलले तेव्हा माझ्या पदराने पेट घेतला होता. हातातल्या ओल्या पोत्याने त्यांनी तो विझवला. "हितंच पडून ऱ्हा. उठलीस तर तंगडं मोडीन," म्हणाले आणि कोवळ्या सागाकडे वर गेले. जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत खरवडून मोकळा केलेला पट्टा. दर फाल्गुनात तो ते आमच्याकडून काढून घेत.

जिंतूरच्या अंगाचा आमचा डोंगर पार बोडका झाला होता. मग पाच गावांची मिळून वनसमिती झाली आणि राखणीला हा माणूस बसवला. कुऱ्हाडबंदी त्यांच्यामुळे टिकली, म्हणून बंदीतात्या. गुरे पाळीपाळीने चरायची. रोपे लावलेली बाजू बंद. तिथे जावयाच्या शेळ्या शिरल्या, तर त्याही त्यांनी कोंडवाड्यात घातल्या. "पोरगी दिली, डोंगर न्हाई दिला," म्हणाले.

सरपणाला आम्हा बायांना सोमवार मोकळा. मोळी बांधण्याआधी त्यांच्यापुढे काटकी मोडून दाखवायची. "वाजलं ते तुझं, वाकलं ते डोंगराचं." एकदा माझ्या मोळीत धावड्याची ओली फांदी निघाली. त्यांनी कोयता काढून घेतला.

"म्हातारे, तोंडात दात न्हाईत आन् झाडाला चावायलीस व्हय?"

बाया लय हसल्या. दुसऱ्या दिवशी कोयता धार लावून घरी आणून दिला. मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही.

पेरणीआधी शेताच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, वाळले गवत आम्ही जाळतो. तात्यांचे सांगणे एकच, "काडी वढायच्या आधी मला हाक मार." ते पोते भिजवून उभे राहत, वारा पाहत, मगच जाळू देत. त्या दुपारी मी हाक मारली नाही. कोयत्याचा राग होता. वारा फिरला, ठिणग्या जाळरेषेवरून उडाल्या आणि डोंगर पेटला. घागर घेऊन मी आत धावले. मला काढायला तात्या आले.

साग बराचसा वाचला. तात्या संध्याकाळी त्या सागाच्या कडेला सापडले. पोते हातातच होते. काडी माझी होती, हे मी समितीपुढे सांगितले. त्यांची लेक समोर बसली होती.

जाळात आम्ही दोघेच होतो. वाचले ती मी.