सहदेवचे खुंट

आमच्या शेजारच्या सत्यभामावहिनीचं माहेर पूर्णेच्या वाळूवर जगणारं. नदी उतरली की पात्रात नाल्या खणायच्या, शेणखत घालून डांगर-टरबुजाचे वेल लावायचे आणि उन्हाळ्यात गाड्या भरून अकोल्याचा बाजार गाठायचा. भाऊ नव्हता, म्हणून बापानं घरजावई आणला. तो सहदेव. दर्यापूरकडच्या काळ्या मातीतला कास्तकाराचा पोरगा. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकाराखाली होतं आणि दुसरी लढाई अजून लागायची होती.

काळ्या मातीत आजोबानं घातलेला धुरा, म्हणजे शेताचा बांध, नातवापर्यंत जागचा हलत नाही. सहदेवनं नदीलाही वावरच समजलं. पाण्याखाली वाळू या काठापासून त्या काठापर्यंत उंच वळीवळीनं पडलेली असते. एका वळीच्या माथ्यावरून चालत गेलं की पाणी छातीच्या वर जात नाही. तोच आमचा नदी ओलांडायचा उतार. वळीची पाठ सपाट, पण पाणी वाहत जातं त्या बाजूची कड तुटलेली. त्या कडेखाली पाणी उलटं फिरतं आणि भोवरा पाय धरून वळीकडेच ओढतो. वर पाहावं तर नुसतं वरणासारखं पाणी फुगून येताना दिसतं. हे सगळं सत्यभामावहिनीनं नवऱ्याला शिकवलं. त्यानं शिकून घेतलं, आणि वळीच्या सरळ रेषेत दोन्ही काठांवर बाभळीचा एकेक खुंट ठोकून टाकला.

मी काय गप्प बसणारा? म्हटलं, "काहो सहदेवराव, पटवारी केव्हा येऊन राहिला नदी मोजाले?"

"हस तू, वामन. या खुंटावरून त्या खुंटावर पाहात चाललं का माणूस चुकत नाही."

"अवो, वळ चालते," वहिनी म्हणाली. "वाळू मांगून चढते अन् पुढं पडते. थे एका जागी बसून राहते काय?"

"माणूस चालते, बैल चालते. वाळू कायले चालते?"

चालायची मात्र ती. पूर येऊन गेला की खुंट एकीकडे आणि वळ दुसरीकडे. मग सहदेव मुकाट्यानं खुंट उपटून नव्या जागी ठोकायचा आणि वर म्हणायचा, "आता बसली." वाळूत दुसऱ्याच्या खुंटाला कोणी हात लावत नाही, ही आमच्याकडची रीत. नाहीतर मीच एखाद्या दिवशी तो लपवून ठेवला असता.

त्या साली भादव्यात, महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी, पलीकडच्या गावात सोळा भाज्या पोचवायच्या होत्या. पूर नुकताच ओसरला होता. वहिनी म्हणाली, "आधी पायानं चाचपून घ्या." सहदेव टोपली डोक्यावर घेऊन खुंटावर नजर लावून निघाला. पुराच्या पाण्यात वरची वळ पुढे सरकत आली होती आणि खुंटांची रेष बरोबर तिच्या तुटक्या कडेखाली पडली होती. आम्ही काठावर उभे होतो. पाणी फुगलं. सहदेव दिसेनासा झाला. टोपली तेवढी वर आली आणि कोहळी, दोडकी तरंगत खाली गेली.

पट्टीचे पोहणारे खालच्या वळणापर्यंत धुंडाळून आले. काही सापडलं नाही.

सहदेवचा थोरला भाऊ खुशालराव दर्यापूरहून आला. चांगला माणूस, रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाला, "बाई, पळसाच्या पानाचा पुतळा करू, त्याले अग्नी देऊ. माह्या भावाचा जीव असा पाण्यात अडकून ठेवतं काय?"

"पुतळ्यासाठी मी कुकू नाही पुसत, भाऊजी. माणूस सापडू द्या."

"नदीनं नेलेलं माणूस सापडते काय?"

"सापडते."

झालं. गावाला विषय मिळाला. बांगड्यांचा सोस सुटत नाही म्हणे बाईचा! सवाष्णींनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं आणि विधवा बायका तिच्या कपाळाकडे पाहून तोंड फिरवू लागल्या. तिला बसायला कोणतंच अंगण उरलं नाही. ती रोज काठावर जायची आणि दोन्ही खुंट जागेवर आहेत ना, तेवढं पाहून यायची.

शेवटी मीच म्हटलं, "वहिनी, सहदेव तापीत पोचला असन. तू कोणाची वाट पाहून राहिली?"

"वामनभाऊ, माह्या मायचा पाणी भरायचा पितळी गुंड असाच वळीच्या कडेखाली गेला होता. सारे म्हणे, वाहून गेला. भोवऱ्यानं तो जागीच धरला, वरून वाळू पडली, वळ त्याच्यावरून चालत पुढं गेली. नदी उतरली तवा वळीच्या पाठीवर निघाला, गेला होता तेथंच. वळ नेत नाही, भाऊ. झाकते."

 

दिवाळीनंतर नदी उतरली. पात्राच्या मधोमध एक बारीक धार राहिली, बाकी सगळी वाळू. वहिनीनं पाटलाला आणि खुशालरावाला बोलावून घेतलं. या खुंटापासून त्या खुंटापर्यंत अंबाडीचा दोर ताणला. त्या वळीची तुटकी कड आता दोराच्या पार पुढे जाऊन पडली होती आणि दोराखाली वळीची सपाट पाठ होती. वहिनीनं फावडं घेतलं. दुसरं मी घेतलं, तिसरं खुशालरावानं.

ओल्या वाळूत आधी करदोडा दिसला, त्यात ओवलेला चांदीचा ताईत. खुशालरावानं तो ओळखला आणि तिथंच खाली बसला. वहिनीनं फावडं बाजूला ठेवलं आणि पुढची वाळू हातानं सारली, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी.

"खुंट नसते तर एवढ्या वाळूत कोठं खणलं असतं?" पाटील म्हणाला.

काठावरच सरण रचलं. वहिनीनं बांगड्या दगडावर स्वतः फोडल्या, कोणाला हात लावू दिला नाही. मग अलीकडचा खुंट उपटला, धारेतून पलीकडे जाऊन दुसराही उपटून आणला आणि दोन्ही सरणावर ठेवले, त्याच्या उजव्या हाताशी.

"राहू दे ना बाई, त्याची आठवण," खुशालराव म्हणाला.

"नको, भाऊजी. आता थे वळ कोठंबी जाऊ दे."