म्या वाचलं होतं

बडेबाबूनं कागद फरशीवर टाकला अन् म्हणाले, "उचल. काय लिहिलंय सांग."

आमच्या हातात कोणी कागद देत नसे. फेकत. मी वाकली, उचलला अन् उलटा धरला. उलटाच धराचा, हे मी घरून ठरवून आली होती. पण अक्षर उलटं असलं म्हणून काय ते डोळ्यात शिरल्याशिवाय राहते? ठसठशीत बालबोध अक्षर. माह्या मेलेल्या मायबद्दल लिहेल होतं. ती कोणाच्या वावरात कोणासंगं काय करायची, ते. ते शब्द मी इथं सांगणार नाई. त्याची घाण माह्या तोंडानं मी काहून उचलू?

तिघं जण टेबलामागून माह्या तोंडाकडं पाहून राहिले होते. तोंडाचा रंग बदलला, की मले वाचता येते हे त्याईले कळणार होतं. वाचता येते असं कळलं, की काम भेटणार नव्हतं. म्या डोकं खाजवलं. सगळे दात दाखवून हसली.

"लय मुंग्या काढल्या जी बाबू."

तिघंही खो-खो हसले. बडेबाबू म्हणाले, "ढोर आहे नुसतं. हीच चालेल."

मंग एक दुसरा कागद काढला अन् मले वाचून दाखवला. "मला लिहिता-वाचता येत नाही. पुढे शिकल्याचे आढळल्यास कामावरून कमी केले जाईल." त्याच्या खाली माहा डावा अंगठा. दर नव्या साली हा कागद पुन्हा कराचा, म्हणाले.

ती खुफिया कचेरी. अमरावतीत, राजापेठेच्या अंगानं. बाहेर पाटी नाई. वऱ्हाड तवा मध्यप्रांताले जोडेल होता, वरचे हुकूम नागपूरहून यायचे. गावोगावचे खबरे चिठ्ठ्या पाठवायचे. कोण कुठं काय बोलला, कोणाच्या घरी कोण जेवला, कोण्या वाचनालयात कोणता पेपर येते. चिठ्ठ्या मराठीत. बाबू लोक त्याचं इंग्रजी करायचे, इंग्रजी कागद वर जायचा अन् मराठी चिठ्ठी त्याच दिवशी जाळाची. खबऱ्याचं अक्षर कोणाच्या हाती लागू नये म्हणून. अन् जाळणारं माणूस अंगठाछापच पायजे, असा नियम. माह्या अगोदरचा माणूस सही कराले शिकला म्हणून काढून टाकला होता.

माहा नवरा कापसाच्या जिनात रुईच्या आगीत गेला. पदरात चार वर्साची लेक. मले ते काम पायजे होतं. म्हणून हसली मी. माह्या मायच्या नावावर थुंकेल कागद हातात धरून हसली. घरी आली अन् तोंड धुऊन धुऊन चामडं सोलाची पाळी आली.

मले वाचता येत होतं. मास्तरानं शिकवलं होतं.

मास्तर आमच्या महारपुऱ्यातलेच. संध्याकाळी माणसांचा वर्ग घ्यायचे, अन् दुपारी दळण-कांडण आटपलं की बायका त्यांच्या ओट्यावर बसायच्या. पाट्या तीन, बायका नऊ. मास्तर कधी ओरडले नाईत. त्याईची खोड एकच. ज्याचं त्याचं कारण मांगायचे.

"काल काहून नाई आली?"

"मन नाई लागलं, मास्तर."

"मन नाई लागलं हे काई कारण नाई, बाई. मन काहून नाई लागलं ते सांग."

आमी पदर तोंडावर घेऊन हसायचो. काय बाप्पा हा माणूस, भाकर जळाली तरी कारण मांगते! पण ते म्हणायचे, कारण मांगाची सवय लागली, की माणूस उगाच कोणापुढं वाकत नाई. मी कचेरीत लागली तवा त्याईले एवढंच सांगतलं, की सरकारी झाडझूड हाय. कागदाचं नाई सांगतलं. लाज वाटली. त्याईनं दिलेली अक्षरं मी पदराखाली लपवून राहिली होती, हे कोण्या तोंडानं सांगू?

कचेरीच्या मांगं लिंबाच्या झाडाखाली खड्डा होता. टिनाच्या डब्यातून चिठ्ठ्या आणाच्या, जाळाच्या, अन् राख काडीनं मोडून त्यावर पाणी टाकाचं. कागद जळाला तरी शाई लवकर मरत नाई. काळ्या पापुद्र्यावर अक्षरं चमकत राहतेत. मी तीबी वाचायची.

पंधरा दिवस झाले असतील. हमीदचाचा म्हणून म्हातारा चपराशी होता. बिडी ओढत खड्ड्यापाशी आला अन् हळूच म्हणाला, "बेटी, पढनेवाले की आँख चलती है. तेरी चल रही है."

म्या हातातली चिठ्ठी तशीच जाळात टाकली.

"नीम की तरफ देख के जलाया कर," म्हणाला अन् गेला. त्यानं कोणाले सांगतलं नाई. अखेरपर्यंत नाई.

मी डोळे बांधून ठेवाले शिकली. अशी शिकवण कोण्या शाळेत भेटत नाई. समोर अक्षर अन् डोळे मेलेले. बाबू लोक माह्यापुढं भिंतीपुढं बोलावं तसे बोलायचे. कोणाले उचलाचं, कोणाले फोडाचं, सगळं. एक दिवस नवा कारकून आला होता, त्याले बडेबाबू समजावून राहिले होते. "इंग्रजीत आपल्या या कामाला जो शब्द आहे ना, इंटेलिजन्स, तोच बुद्धीलाही आहे. हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. बुद्धी रक्तात असावी लागते." मी तवा टेबलाखाली झाडून राहिली होती. बोलता बोलता दोघायनं पाय वर उचलून धरले, माहा हात लागू नये म्हणून. मी त्या पायांखालून झाडू फिरवला अन् बाहेर आली.

एक दिवस आमच्याच वस्तीची चिठ्ठी आली. अक्षर ओळखीचं वाटलं. मास्तर 'ल' ची शेपटी वर वळवायचे, म्हणून आमी सगळेच तशी वळवायचो. चिठ्ठीतल्या 'ल' ची शेपटी तशीच होती. म्हणजे आमच्यातलाच कोणीतरी. मास्तराच्या वर्गातल्या झाडून साऱ्या माणसांची नावं त्यानं लिहेल होती. दुपारच्या बायकांचं एकही नाव नव्हतं. बडेबाबूच्या हिशोबात आमाले डोकं नव्हतं, ते समजलं. त्या खबऱ्याच्या हिशोबातबी आमी नव्हतो.

मंग तो शुक्रवार आला.

त्याच हातची चिठ्ठी. रविवारी सकाळी मास्तर दहा माणसं घेऊन अंजनगावाकडच्या एका गावी चालले. तिथल्या सरकारी विहिरीवर पाणी भरणार. गावाले कळलं हाय. पाटलाच्या वाड्यात लाठ्या जमा करून ठेवल्या हायेत. अन् चिठ्ठीच्या कडेले, शिसपेन्सिलीनं, बडेबाबूच्या हातचं, "पोलीस दुपारनंतर पाठवावेत."

दुपारनंतर. मी ते तीनदा वाचलं. डोळे चालले त चालले, कोणी पायलं का नाई त्याची शुद्ध नव्हती. मंग काडी लावली. राख मोडली. पाणी टाकलं. सगळं नियमानं केलं.

शनिवारी दिवस मावळताना मास्तराच्या ओट्यावर गेली. मास्तरीणबाई कंदिलाची काच पुसून राहिली होती. मास्तर उद्यासाठी नवा दोर बादलीले बांधून राहिले होते. गाठ मारायचे, ओढून पाहायचे, पुन्हा मारायचे. लेकरासारखे खूश होते.

"मास्तर, उद्या नका जाऊ."

"काहून?"

 सांगतलं त मास्तर जाणार नाईत. जाणार नाईत त कचेरीत कळंल, की खबर फुटली. कोणी फोडली? जाळणारी एकच. मंग माहं काम गेलं, मंग तुरुंग, मंग लेक कोणाच्या दारात? हे सगळं डोक्यात एका दमात फिरलं.

"मन खाऊन राहिलं माहं," म्या म्हटलं.

मास्तर हसले. "मन खाते हे काई कारण नाई, बाई. कारण असंल त सांग. कारण दे, मी आत्ता हा दोर सोडतो."

असंच म्हणाले. दोर सोडतो म्हणाले. मी तिथं उभी होती, कारण माह्या तोंडात होतं, शब्दान् शब्द पाठ होतं. मास्तर वाट पाहून राहिले. चांगली एवढी वाट पायली त्याईनं. अन् मी म्हटलं, "काई नाई, असंच."

घरी आली अन् लेकीले पोटाशी घेऊन निजली. म्या काय केलं हे मले त्याच वक्ती ठाऊक होतं. नंतर समजलं, असं मी कोणाले सांगणार नाई.

बादली पाण्याले लागलीच नाई. पयली लाठी मास्तराच्या कानावर बसली, दुसरी टाळूवर. बाकीचे हातपाय मोडून घेऊन का होईना, परत आले. पोलीस आले दुपारनंतर.

मास्तर वाचले, असं लोक म्हणतेत. महिन्यानं दवाखान्यातून घरी आणलं. मी पाहाले गेली. ओट्यावर बसेल होते, मांडीवर पेपर. मास्तरीणबाई म्हणाली, "रोज पेपर मांगतेत. धरून बसतेत."

पेपर उलटा होता.

मी मनातून म्हटलं, मास्तर मजाक करून राहिले. वाकून डोळे पायले. डोळे चालत नव्हते. मी दोन वर्सं ज्याचं सोंग केलं, ते त्याईले खरंच झालं होतं. त्याईनं माह्याकडं पायलं अन् हसले, अनोळखी माणसाकडं पाहून हसतेत तसं. मायबाई! मी तिथंच ओट्यावर बसून रडली. छाती पिटून रडली. मास्तरीणबाई माही पाठ चोळून राहिली होती, अन् तिले ठाऊक नव्हतं ती कोणाची पाठ चोळून राहिली. वस्तीतल्या त्यानं खबर विकली. म्या जाळली. मास्तराच्या डोक्याले त्याचा काय फरक?

नव्या सालाचा पयला आठवडा. बडेबाबूनं तोच कागद काढला, वाचून दाखवला. "मला लिहिता-वाचता येत नाही." शाईचं पॅड पुढं सरकवलं. "लाव."

म्या पॅड मांगं सारलं अन् त्याईच्या दौतीतला टाक उचलला. बडेबाबू ओरडले. मले लिहिता येते म्हणून नाई ओरडले, त्याईच्या टाकाले हात लागला म्हणून ओरडले. तोवर माहं लिहून झालं होतं. 'मला लिहिता-वाचता येत नाही' याच्या खाली पयले माहं नाव, मंग माह्या मायचं. शेपट्या वळवून, मास्तराच्या हातचं अक्षर.

मंग बडेबाबूनं कागद वाचला.

"तुला... तुला वाचता येतं?"

"येते. पयल्या दिवसापासून येते. माह्या मायबद्दल तुमी लिहेल तेबी वाचलं. अन् शुक्रवारच्या चिठ्ठीच्या कडेले तुमच्या हातचं होतं तेबी. 'पोलीस दुपारनंतर पाठवावेत.' हे अक्षर तुमचं हाय का नाई, बाबू?"

हमीदचाचा दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"तुरुंगात सडवीन तुला."

"सडवा. पण त्याच्यासाठी वर लिहून द्या लागंल, की वाचणारी बाई तुमीच पारखून ठेवली होती. लिहा."

त्याईनं काई लिहिलं नाई. फक्त "हाकला हिला" म्हणाले. टाक मी टेबलावर ठेवला. त्यानंतर तो टाक त्याईनं फेकून दिला, असं हमीदचाचानं मले बाजारात सांगतलं.

त्या दिवशी घरी गेली नाई, थेट मास्तराच्या ओट्यावर गेली. माणसं बोलावली, बायका बोलावल्या, अन् सगळं सांगतलं. चिठ्ठी सांगतली. शनिवार सांगतला. मले ठाऊक होतं अन् मी बोलली नाई, हे मास्तरीणबाईच्या तोंडाकडं पाहून सांगतलं. तिनं माह्याकडं पाठ फिरवली. अजून बोलत नाई. बरोबर हाय तिचं. म्या तिले माफी मांगतली नाई, मांगणारबी नाई. माफी देण्याघेण्याची ही गोष्ट नाई.

आता जिनात रुई येचते. दुपारच्या वर्गाले बायका माह्या दारात बसतेत. गावात पुन्हा चिठ्ठ्या जातच असतील, माह्या नावानंबी जात असतील. जाऊ द्या. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं माहं नाव नीट लिहावं, संगं माह्या मायचं बी लिहावं.

मास्तरानं मले कारण इचारलं होतं अन् दोर हातात धरून वाट पायली होती. ते कारण मी आता रोज सांगते. जिनात सांगते, बाजारात सांगते, विहिरीवर सांगते. कोणावर लाठी उगारली जाणार हाय हे मले ठाऊक असंल, त मी त्याच्या दारात उभी राहून मोठ्यानं सांगीन, भाकर गेली तरी, लेक माह्या कडेवर असली तरी. मन खाते असं मी पुन्हा कोणालेच म्हणणार नाई.